बिनशिशाची काडतुसं

दुबईत देऱ्याला आमचं ऑफिस आहे, तिथे "माल नाही" असं बोलायला बंदी आहे. तशी पाटी कुठे लावलेली नाही, पण नोकरीच्या पहिल्याच दिवशी खैरुद्दीनभाईंनी मला समजावलं होतं, "कुलसुम, कस्टमरला ना बोलायचं नाय. इन्शाल्ला बोलायचं, आणि मग माल शोधायचा." खैरुद्दीनभाई रत्नागिरीचे, मी श्रीवर्धनची. त्यांनी बावीस वर्षं त्या एका शब्दावर दुकान चालवलंय आणि गेली नऊ वर्षं त्या शब्दाची कोटेशनं मी टाइप करते.

धंदा शिकारीच्या आणि नेमबाजीच्या सामानाचा. परवान्याचा, सगळा कागदावर. गिऱ्हाईक ओळखायला मला चेहरा लागत नाही, ऑर्डर पुरते. डिस्काउंटसाठी हुज्जत घालणाऱ्याकडे हमखास पैसा असतो. वर "अर्जंट" लिहिणारा पेमेंटला तीन महिने लावतो. एवढी माणसं ओळखते मी. स्वतःची ऑर्डर तेवढी कधी वाचून पाहिली नव्हती.

अल ऐनच्या रस्त्याला आत वाळवंटात एक खाजगी इस्टेट आहे. मालकाने तिथे तळं खणून घेतलंय. हिवाळ्यात पाळलेली बदकं सोडायची आणि सुट्टीच्या सकाळी पाहुण्यांनी ती बंदुकीने उडवायची, असा शौक. मालकाचा हट्ट एकच, तळ्यावर शिशाचा छर्रा नको. पाण्यात पडलेला शिशाचा दाणा बदक खडा समजून गिळतं, तो पेट्यात, पोटातल्या दाणे भरडणाऱ्या पिशवीत, दळला जातो आणि विष अंगात भिनतं. लोखंडी छर्रा त्यातल्या त्यात स्वस्त, पण पाहुण्यांच्या बंदुका त्यांच्या आजोबांच्या वेळच्या, त्या नळ्यांना लोखंड सोसत नाही. म्हणून बिस्मथ, जुन्या नळ्यांना सोसणारा, विष नसलेला, पण महाग धातू.

दोन वर्षांपूर्वी बिस्मथचं काडतूस आम्हाला नऊ दिरहमला पडायचं. दोनशे रुपये धरा. मग बारा झालं. या सीझनला सतरा, म्हणजे चारशे रुपये, एकदा बार उडवायला! तेही हातात नाही. सप्लायर म्हणाला, धातू अडकलाय, बारूदही मिळत नाही, चार महिने लागतील, जास्तही लागतील. आणि जूनमध्ये मी चौदाने कोटेशन देऊन बसले होते, दोन हजार काडतुसांचं. खाली लिहिलं होतं, डिलिव्हरी नोव्हेंबर, इन्शाल्ला.

शारज्याच्या आमच्या कुलूपबंद गोडाऊनात शिशाच्या काडतुसांच्या थप्प्या होत्या. मातीच्या तबकड्या फोडणाऱ्या क्लबसाठी मागवलेली, दोन दिरहमवाली. साध्या पांढऱ्या डब्यांत पंचवीस-पंचवीस, वर फक्त छर्ऱ्याचा नंबर. देऱ्यात लेबल प्रिंटर नाही असं ऑफिस नसेल. दोन हजारांचे ऐंशी डबे, बिस्मथचे ऐंशी स्टिकर. जेवणाच्या सुट्टीत मी ते माझ्या हाताने लावले, अगदी सरळ रेषेत. एकच खेप, पुढचा माल येईपर्यंत, असं मनात म्हणत होते. त्यात किती पैसे सुटतील याचा हिशोब मी केला नव्हता असं म्हणणार नाही.

"माल मिळाला?" खैरुद्दीनभाईंनी विचारलं.

"मिळाला."

"शाब्बास." कुठून, ते त्यांनी विचारलं नाही. ते विचारत नाहीत, म्हणून तर ते शेठ आहेत.

इस्टेटीवर माल उतरवून घेतो तो दौलत. तळं आणि स्टोअर दोन्ही त्याच्याकडे. मुरुडकडचा कोळी, पन्नाशीचा. सात वर्षांपूर्वी पहिल्यांदा फोनवर माझं गाव ऐकलं आणि लगेच म्हणाला, "म्हणजे आपल्याच किनाऱ्याच्या की तुम्ही, ताई!" तेव्हापासून मी ताई. डिलिव्हरी नोटवर तो न वाचता सही करतो. वर सांगतो, "तुमचा माल असल्यावर काय बघायचाय?"

दर सीझनला पहिल्या शिकारीचं एक बदक, साफ करून, बर्फात घालून, कंपनीच्या ड्रायव्हरबरोबर तो अल मनखूलला माझ्या घरी पाठवतो. "बिस्मिल्ला बोलूनच उडवलंय ताई, मी स्वतः विचारून घेतो." मी ते खोबऱ्याच्या वाटणात करते. जेवताना कुणाच्या तरी दाताखाली छर्रा येतो आणि माझा अकरा वर्षांचा रुहान तो ताटात टणकन टाकून ओरडतो, "मॉम, देअर इज मेटल इन माय फूड!"

यंदाही बदक आलं. मी ते सिंकमध्ये ठेवलं, नळ सोडला आणि बंद केला. मग तीन पिशव्यांत गुंडाळून कचऱ्यात टाकलं.

"मॉम, व्हेअर इज द डक?"

"खराब निघालं."

संध्याकाळी दौलतचा फोन. "कसा झाला रस्सा, ताई?"

"मस्त."

"आम्ही पण केला लेबर कॅम्पवर. अकरा माणसं, सात बदकं. रस्सा पुरला नाय हो!"

तेव्हा सांगता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. मी विचारलं, "खोबरं भाजून घेतलंत की कच्चंच वाटलंत?"

डिसेंबरच्या शेवटाला त्याच्या आवाजातली गंमत गेली. "ताई, बदकं उडत नायत. पंख असे टेकून बसतात, कौलाच्या छपरासारखे. हिरवं हिरवं शिटतात. रोज पाच-सहा मरतात." मी म्हटलं, हवा बदललीय, दाणा बदलून बघ. त्याने इमानाने दाणा बदलला.

जानेवारीत जनावरांचा डॉक्टर आला आणि त्याने मेलेल्या बदकांचे पेटे फाडले. इस्टेटीचा मॅनेजर रोनित, मुंबईत वाढलेला, हुशार माणूस. त्याने मांडणी केली ती बिनचूक होती. डब्यांवर स्टिकर बिस्मथचा, आत शिसं. कंपनी नऊ वर्षांची विश्वासाची. स्टोअरची किल्ली दौलतकडे. म्हणजे महागडी काडतुसं दौलतने बाहेर विकली आणि डब्यांत दोन दिरहमवाली भरली. रोनितच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

"पोलिसात देत नाय, हेच उपकार समज बोलला," दौलतने फोनवर सांगितलं. "गुरुवारचं तिकीट काढलंय. व्हिसा कॅन्सल." मग म्हणाला, "ताई, तुम्ही टेन्शन घेऊ नका. मी तुमचं नाव काढलं नाय."

माझं नाव काढायचं कारण त्याला काय होतं, ते मला कळेना. दोन दिवस मी ऑफिसात बसून दुसऱ्या वाटा शोधल्या. सप्लायरवर ढकलावं, तर सप्लायरने या वर्षी माल पाठवलाच नव्हता, कागद बोलले असते. दौलतला गुपचूप पैसे पाठवावेत, म्हणून रक्कमही ठरवली. मग ती वाढवली. तिसऱ्यांदा वाढवताना माझीच मला शरम वाटली. बुधवारी सकाळी खैरुद्दीनभाईंना डॉक्टरकडे जाते म्हणून सांगितलं आणि टॅक्सी केली.

दौलत तळ्याच्या काठाला होता, गुडघ्यापर्यंत पाण्यात, हातात जाळी. उद्या निघायचं होतं तरी काम चालूच. मला पाहून त्याचा चेहरा उजळला, तेच सोसवेना.

"ताई! उन्हात कशाला आलात?"

"माझं नाव काढलं नाही म्हणालास. ते का?"

त्याने आजूबाजूला पाहिलं आणि शर्टाच्या खिशातून एक छर्रा काढला. "हा रश्शात मिळाला. दाताने दाबून बघितला, चेपला. बिस्मथचा चेपत नाय, फुटतो. आमचं लहानपण जाळ्याला शिसं बांधण्यात गेलंय, मला काय ओळखायला येत नाय? तेव्हाच समजलो, तुम्हाला बाहेरच्या कंपनीने फसवलंय. शिशाने बदकं मरतात, ते मात्र डॉक्टर बोलला तेव्हा समजलं. आता मी हे बोललो, तर रोनितसाब तुमच्या ऑफिसला धरणार. तुमच्या घरात शाळेची फी आहे. माझं काय, दोन वर्षांनी जायचंच होतं."

"कधी मिळाला हा?"

"पहिल्याच रश्शात."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

मी म्हटलं, "दौलत, मला कुणी फसवलं नाही. स्टिकर मी लावले."

तो हसला. आधी त्याला ती थट्टा वाटली. मग हसू मावळलं. त्याने विचारलं ते एवढंच, "म्हणजे तुम्ही ते बदक खाल्लं नाय?"

"नाही."

"पोरालाही दिलं नाय."

"नाही."

"आम्ही खाल्लं." तो चिडून बोलला नाही. माल उतरवताना डबे मोजतो तशा आवाजात बोलला. "सात शुक्रवार खाल्लं. कॅम्पवरचा समाधान कलेजी-पेटे मागून घ्यायचा."

त्याने जाळी काठावर ठेवली आणि ऑफिसच्या दिशेने हात केला. "आत बसलाय तो. जा."

रोनितने मला चहा विचारला. मी नको म्हटलं आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. नऊ दिरहम, सतरा दिरहम, चौदाचं कोटेशन, ऐंशी डबे. त्याने कागद पुढे सरकवला. मी सगळं लिहून सही केली, वर पूर्ण नाव आणि एमिरेट्स आयडीचा नंबर. कॅम्पवरच्या अकरा जणांच्या रक्ताची तपासणी करून घ्या, तो खर्च माझा, हेही त्यातच लिहिलं. त्याने ते दोनदा वाचलं.

"मॅडम, आपने पूछा क्यों नहीं?" तो म्हणाला. "मालकांनी सतराही दिले असते. नाही तर या वर्षी शिकार बंद ठेवली असती. ते इथे बदकं बघायला येतात, बंदूक पाहुण्यांसाठी असते."

नऊ वर्षं मी त्या माणसाच्या ऑर्डरी वाचत होते.

माझ्यासमोरच रोनितने एजंटला फोन करून उद्याचं तिकीट रद्द करायला सांगितलं. मग दौलतला आत बोलावून घेतलं आणि सॉरी म्हणाला, इंग्रजीतून, घाईघाईने. माझ्या नोकरीचं काय होईल ते विचारायची गरज नव्हती. फोनवर खैरुद्दीनभाईंचे पाच मिस्ड कॉल होते. परवाना, पोलीस, हे सगळं पुढे येणारच होतं.

दौलतने सॉरी ऐकून मान हलवली. "साब, जो ज़िंदा हैं वो आज ही निकालने पड़ेंगे. पानी में रहे तो और खाएंगे." आणि तो तळ्याकडे परत गेला.

माझी टॅक्सी फाटकापाशी थांबली होती. मी तिकडे न जाता त्याच्या मागे गेले. मदत करू का, असं विचारायची हिंमत नव्हती, नुसती काठावर उभी राहिले. तो पाण्यात शिरला, पंख टेकलेल्या एका मादीच्या मागून हळूच जाळी घातली. ती पळाली नाही. तिला घेऊन तो माझ्यापर्यंत आला आणि रिकामा प्लॅस्टिकचा क्रेट पायाने माझ्याकडे सरकवला.

"खालून धरा," तो म्हणाला. "मान सोडायची नाय."

मी हात पुढे केले. बदक माझ्या अंदाजापेक्षा फारच हलकं होतं, पिसांखाली नुसतं हाड लागत होतं. मी ते क्रेटमध्ये ठेवलं. मान सरळ ठेवायला जमेना, म्हणून तिच्याखाली माझा रुमाल घडी करून घातला. मी वर पाहिलं तेव्हा दौलत दुसऱ्या बदकाच्या मागे पाण्यात दूर गेला होता. अजून तीस-चाळीस तरी होती.