काकासाहेबांच्या पुतळ्यापाशी

पितांबरने काळ्या ऑइलच्या बाटलीचं झाकण फिरवलं, तोच मागून आवाज आला.

"तू टाकशी, नि घासनं माले पडी."

बादली घेतलेली एक म्हातारी होती. स्मारकाची झाडलोट करणारी जसोदाबाई.

पितांबरचा हात थबकला. नवापूरहून पहाटेच निघून, शहाद्याला एसटी बदलून तो या जुन्या गढीच्या आवारात आला होता. समोर काकासाहेबांचा पितळी पुतळा. खालच्या शिळेवर त्यांनी आणलेल्या कालव्याचं साल. गोळीबाराचं साल कुठेच नव्हतं. काकासाहेबांनी बळकावलेली जमीन परत मागायला आलेल्या मजुरांवर त्यांच्या याच गढीतून गोळ्या सुटल्या होत्या. त्यात पितांबरचा बाप गेला. तेव्हा तो पाच वर्षांचा होता. आज साठीला टेकला होता. गेल्या महिन्यात आई गेली. जाताना म्हणाली, "त्या काकासाहेबनं तोंड काळं करीसन ये."

"कोना पोऱ्या तू?" जसोदाबाईने विचारलं.

"धुडकूना."

तिने बादली खाली ठेवली. बराच वेळ त्याचा चेहरा न्याहाळला.

"मन्हा भाऊबी त्याच दिन गया. तुन्हा बापना बाजूलेच पडेल व्हता."

"नि तू याले पुसस?"

"रोज. अकरा वरीस व्हयनात."

"लाज नही वाटस तुले?" पितांबरचा आवाज चढला. बाटलीतलं ऑइल हिंदकळून त्याच्या बोटांवर आलं.

ती रागावली नाही. आवाराच्या कोपऱ्यात पर्यटकांसाठी बांधलेल्या संडासाकडे तिने हातातल्या फडक्याने खूण केली.

"आधी ते पुसस. मंग याले. फडकं एकच, पानीबी तेच."

पितांबरने त्या फडक्याकडे पाहिलं, मग पुतळ्याच्या तोंडाकडे.

"जयंतीले मोठमोठा लोके येतस," ती शांतपणे म्हणाली, "याना पायवर कपाळ टेकतस. मी बाजूले उभी ऱ्हास, देखस."

गढीच्या पडक्या बुरुजावर पारवे घुमत होते. पितांबरने झाकण घट्ट लावलं, बाटली पिशवीत टाकली. मग चपला काढून तो चौथऱ्यावर चढला आणि खाली हात पसरला.

"दे."

जसोदाबाईने फडकं पुन्हा एकदा बादलीत बुडवलं. पिळलं नाही. तसंच निथळतं त्याच्या हातात दिलं.

"मिशा नीट पुसजो," ती म्हणाली.