आधी तीनदा ठोकायचं

पाच माणसं

"थांबा हो साहेब, आधी ठोकू दे," असं म्हणत पंपकाकूंनी कोपऱ्यातला पाना उचलला आणि जमिनीत उतरणाऱ्या जाड पाइपवर तीनदा हाणला. पंपघर असं घुमलं की इंजिनिअरसाहेबांनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

"हे काय आता?"

"खाली हौदात, जाळीपाशी कासवं येऊन बसतात. ठोकलं की सरकतात. मग चालू करायचं."

"पण काकू, आज शेवटचा दिवस आहे."

"कासवांना कुठं ठाऊक आहे ते?"

स्टुलावर बसलेले मास्तर, म्हणजे काकूंचे यजमान, चहाच्या कपात बघून हसले. ते शिंपी. बोलताना माणसाच्या चेहऱ्यापेक्षा खांद्यांकडे जास्त बघायचे. "साहेब, माझ्याशी लग्न ठरलं तेव्हासुद्धा हिनं आधी दार वाजवलं होतं. मी सरकलो नाही, एवढीच चूक."

काकूंनी बटण दाबलं. पंप खोकला, घुरघुरला आणि लयीत आला.

खालची वस्ती एका तळ्यात होती. म्हणजे कधीकाळी तळं होतं, ते कुणीतरी बुजवलं आणि वर घरं बांधली. सगळं यथासांग झालं, फक्त पाण्याला कळवायचं राहून गेलं. ते आपलं खालून येतच राहिलं. म्हणून हा पंप. हौद भरला की चालू करायचा, पाणी बांधापलीकडच्या कालव्यात फेकायचं, हौद रिकामा झाला की बंद. काकू नोकरीला लागल्या तेव्हा त्यांच्या केसांत एकही पांढरा नव्हता. आता काळा शोधावा लागे. मधल्या काळात वस्तीत कुणाच्या उंबऱ्याला पाणी लागलं नाही. काकूंच्या आयुष्याचा हिशेब मांडायचाच तर एवढाच होता. काही घडू दिलं नाही.

आणि आता ते तळं पाण्याला परत द्यायचं ठरलं होतं. घरं रिकामी झाली होती, माणसं वरच्या बाजूच्या नव्या इमारतींत गेली होती. दुपारी पंप कायमचा बंद होणार होता.

"आहे का गं ती इथं?" दारातून इस्त्रीवाली डोकावली. तिचं उरलंसुरलं सामान आज हलत होतं. तिला हवी होती ती भिंतीला टेकून उभी होती: काकूंची मुलगी. तळ्यांचा अभ्यास करून आईच्याच खात्यात लागलेली. तळं परत द्या, असं सांगणाऱ्यांत तिचंही तोंड होतं.

"पोटच्या पोरीनं आईची चाकरी घालवली आणि आमची घरं बुडवली. शिकवलंस ना काकू, भोग आता!"

"मावशी, कोरडं घर मिळालंय ना तुम्हाला?" मुलगी म्हणाली.

"कोरडं आहे गं बाई. इतकं कोरडं की झोप लागत नाही. ही घरघर ऐकून जन्म गेला आमचा. आमचे हे रोज दचकून उठतात आणि विचारतात, अगं, काय बंद पडलं? काल शेवटी मी पंखा लावून दिला उशाशी. वाजतो मेला, पण बेसूर!"

काकूंना हसू आलं. मुलीला नाही आलं.

तीन माणसं

(हे आधी यायला हवं होतं. पण मनात सलणारी गोष्ट कधी वेळेवर येत नाही, मागूनच येते.)

आदल्या आठवड्यात तिघं मिळून घराची बांधाबांध करत होते. मास्तरांना कापडाचे तुकडे सोडवेनात. मुलीनं पुठ्ठ्याच्या खोक्यांकडे एक नजर टाकली. एवढीशी दोन खोल्यांची जागा आणि खोक्यांचा डोंगर. ती सहज बोलावं तशी बोलून गेली, "खरं सांगू? माणसं नसतीच ना, तर पृथ्वीचं भलं झालं असतं."

"आणि कपडे कोणी शिवले असते?" मास्तर म्हणाले.

"बाबा, घालणारेच नसते."

"तेच म्हणतोय. धंदा बसला."

"थट्टा नाही करत मी. आपण सोडून एकाही प्राण्याला आपली गरज नाही. आपण नाहीसे झालो तर कुणी रडणारसुद्धा नाही. उलट सगळे सुटतील."

काकू भांडी कागदात गुंडाळत होत्या. हातातलं पातेलं गुंडाळून झालं तेव्हा त्यांनी विचारलं, "त्यात मीही आले का?"

"कशात?"

"नसते तर बरं झालं असतं, त्यात."

"आई, तू ना, प्रत्येक गोष्ट अंगाला लावून घेतेस."

हे उत्तर नव्हतं. काकूंनी दुसरं पातेलं घेतलं. पुन्हा विचारलं नाही. काही प्रश्न एकदाच विचारायचे असतात. दुसऱ्यांदा विचारले की ती मागणी होते.

त्यांना त्या क्षणी खांडू आठवला. नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात त्यांनी न बघता पंप चालू केला, तो कचकन अडकला. उघडून बघितलं तर आत कासव. पाठीच्या कडेचा तुकडा उडालेला, खांड पडलेली, पण जीव शाबूत. घरी आणून त्याला कपड्यांच्या टबात ठेवलं. ही पोर तेव्हा एवढीशी होती. टबाशी बसून त्याला कोबीची पानं भरवायची, आणि तो खात नाही म्हणून स्वतःही जेवायची नाही. खांडू हे नाव तिनंच ठेवलेलं. बरा झाल्यावर त्याला हौदात सोडला, आणि त्या दिवसापासून काकू आधी ठोकू लागल्या. रोज, न चुकता. हाताखाली आलेल्या प्रत्येकाला त्यांनी पंप शिकवायच्या आधी हे शिकवलं.

माणूस नसता तर खांडूची पाठ शाबूत राहिली असती. खरंच होतं पोरीचं. काकू पातेली गुंडाळत राहिल्या.

दोन माणसं

दुपारी इस्त्रीवालीची गाडी गेली. मास्तर गाडीबरोबर वर गेले. साहेबांना फोन आला आणि ते बोलत बोलत बांधापर्यंत लांब गेले.

"साहेब येईपर्यंत थांबू या का?" मुलगी म्हणाली.

"कशाला? ज्यानं पसारा मांडला त्यानंच आवरावा."

काकूंनी पाइपावरचं मोठं चाक दोन्ही हातांनी धरून हळूहळू फिरवलं. पाइपाच्या तोंडचं पाणी अडलं तशी पंपाची घरघर खाली आली. त्यांनी एकदा मशीनच्या अंगावर तळवा ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग बटण दाबलं.

आवाज गेला. तो गेल्यावर कळलं की त्याच्याखाली किती काय काय होतं. पाण्याचे थेंब, पत्र्यावरचा पक्षी, मुलीचा श्वास.

"आई, त्या दिवशी मी जे..."

"पाना दे इकडे. तो मी माझ्या पैशानं घेतलेला आहे, खात्याचा नाही."

मुलीनं पाना दिला. काकूंनी तो फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकला, दार ओढून घेतलं आणि सवयीनं कडी लावली. मग काय वाटलं कोण जाणे, कडी काढून दार उघडंच ठेवलं.

कोणीच नाही

या भागात माणूस नाही. खरं तर सांगणाराही नसायला हवा, पण त्याला इलाज नाही.

पाणी घाई न करता आलं. आधी गटारांतून, मग फरशीच्या सांध्यांतून. इस्त्रीवालीच्या उंबऱ्यावर क्षणभर थांबलं आणि आत गेलं. मास्तरांच्या दुकानात भिंतीला मापाची एक पट्टी खिळ्यांनी ठोकलेली राहिली होती. पाणी तिच्यावर चढत गेलं. कितीवर आलं हे वाचायला कोणी नव्हतं, म्हणून ते कितीवरही आलं नाही, नुसतं वर आलं.

पंप बुडाला. पाइपात मासे राहायला आले. विजेच्या खांबावर एका लांब मानेच्या पक्ष्यानं काटक्या आणून टाकल्या. गवत आलं, गवतात किडे आले, किड्यांमागे बेडूक.

बरं झालं का? झालं असावं. पण 'बरं झालं' म्हणायला एक तरी तोंड लागतं, आणि बेडूक स्वतःच्याच कामात होते.

पुन्हा दोन

पावसाळा संपल्यावर एका सकाळी मुलगी म्हणाली, "आई, तळं बघायला चल." काकू इतके दिवस टाळत होत्या. त्या दिवशी पिशवी घेऊन निघाल्या.

बांधाला आता लोखंडी कठडा होता. समोर पाणी.  आपलं घर कुठं असेल याचा काकूंनी अंदाज घेतला, तिथं पाण्यात आभाळ होतं.

"ते बघ," मुलगी म्हणाली. पंपघराचं छप्पर पाण्यावर जेमतेम राहिलं होतं, बांधापासून हाकेच्या अंतरावर. त्याच्यावर कासवं ऊन खात पडली होती, वाळत घातलेल्या ताटल्यांसारखी.

काकूंनी पिशवीतून पाना काढला. मुलीला वाटलं, दाखवायला आणला असेल. काकूंनी तो कठड्यावर हाणला. ठण्. ठण्. ठण्.

तिसऱ्या ठोक्याला छप्पर रिकामं झालं होतं.

"ओळखतात अजून," काकू म्हणाल्या.

मुलगी तळ्यांची अभ्यासक होती. याला ओळखणं म्हणत नाहीत, हे तिला माहीत होतं. 

"तू म्हणू नकोस, मीच म्हणते," काकू म्हणाल्या. "ओळखत बिळखत नाहीत. पळतात. माणूस आला, सरका. सगळ्या जन्मात मी त्यांना एवढंच शिकवलं."

"ते शिकवलंस म्हणून ती आहेत."

"पंप नसता तर शिकवावंच लागलं नसतं. तूच म्हणाली होतीस."

"म्हणाले होते." मुलगी कठड्याला टेकली. "अजूनही म्हणते. पण तू विचारलं होतंस ना, त्यात मीही आले का. तर नाही. तू नाही आलीस त्यात."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. इतके महिने जे वाक्य हवं होतं ते आलं होतं, आणि ते ऐकून त्यांना पोरीचीच दया आली.

"अगं, येऊ दे की मलाही त्यात," त्या म्हणाल्या. "सगळे गेले आणि मी एकटीच मागे राहून काय करू? कोणासाठी ठोकू?"

मुलगी हसली. हसता हसता तिनं नाक पुसलं.

"आता येणार नाहीत का गं वर?" काकूंनी विचारलं.

"येतील. पण गप्प बसावं लागेल. हलायचं नाही. आपण इथं नाहीच, असं बसायचं."

काकूंनी पाना आवाज न करता पिशवीत ठेवला. दोघी बांधावर खाली बसल्या. काकूंच्या गुडघ्यात कळ येत होती, त्यांनी पाय बदलला नाही. एक माशी मुलीच्या मनगटावर फिरत होती, तिनं उडवली नाही.

ऊन सरकलं. छपराच्या कडेशी पाणी हललं. एक डोकं वर आलं, थांबलं. मग एक पाय, दुसरा पाय, आणि पाणी गळणारी एक जुनी पाठ सावकाश वर चढली. तिच्या कडेला खांड होती.

मुलीचा हात काकूंच्या हाताशी आला. दोघींनी श्वासही जपून घेतला.