पानामागे पाहणारे भिंग

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. काळ्या कडीत बसवलेली माझी काच जेमतेम बोराएवढी. माझे मालक घड्याळजी मला डोळ्याच्या खोबणीत धरत आणि केसासारख्या स्प्रिंगा सरळ करत. "हे नसेल तर मी आंधळाच," असे ते गिऱ्हाइकांना सांगत, तेव्हा मला धन्य वाटे.

दुकान कायमचे बंद झाल्यावर मी त्यांच्याबरोबर परसात आले. तिथे त्यांच्या दिवंगत पत्नीने राखलेल्या बियांची टोमॅटोची झाडे होती. उरलेले सगळे बी त्यांनी त्या वर्षी पेरले होते. रोज सकाळी देवाचे नाव घेऊन ते एकेक पान उलटत. पानांचा रस शोषणारी बारीक कीड, मावा, फार दिसला तर साबणाच्या पाण्याने धुऊन काढत. विषारी औषधाला हात लावत नसत.

मग ते अंथरुणाला खिळले आणि मी उशाशी पडून राहिले. एकदा त्यांच्या मुलाला पानांवर काळ्या, काटेरी, नारिंगी ठिपक्यांच्या अळ्या दिसल्या. त्याला किळस आली. बाबांना कशाला त्रास, म्हणून न विचारताच त्याने जालीम औषध फवारले.

दुसऱ्या दिवशी सुनेने एक मेलेली अळी माझ्याखाली धरली. अळीच्या तोंडात मावा होता. ती ढालकिड्याची, त्या ठिपकेवाल्या लाल गोल किड्याची, पिल्ले होती हो, झाडांची राखण करणारी! राखणदार गेले आणि पानांमागे वाचलेला मावा माजला. पाने आकसली, फुले गळाली. मग साबणाचे पाणीही मारून झाले, पण उपयोग झाला नाही.

"फळ धरलं का गं?" घड्याळजी रोज विचारत. सून म्हणे, "धरतंय, बाबा."

एके दिवशी त्यांनी पान मागितले. तिने शेजाऱ्यांच्या टोमॅटोचे हिरवेगार पान आणून दिले. त्यांनी ते माझ्यातून बराच वेळ पाहिले.

"पान छान आहे, सूनबाई. पण तुझ्या सासूच्या झाडाच्या पानाची कड सलग असते. ही कातरलेली आहे."

ती त्यांच्या खाटेजवळ बसली.

"किती झाडं राहिली?"

"एकही नाही, बाबा."

त्यांनी मला पुसून डबीत ठेवले. "आता काही बघायचं राहिलं नाही," एवढेच म्हणाले.

मित्रांनो, ही डबी आता कोणी उघडेल असे मला वाटत नाही. तरी हात जोडून सांगते, फवारण्याआधी पान उलटा. त्यावरचा जीव काय खातो आहे, ते पाहा. आमच्या परसात कोणी पाहिले नाही, आणि त्या माउलीचे बी आता या जगात कुठेच नाही.