आसनाचे चार कोपरे

आषाढी एकादशीला मी देवापुढे बसून एक नियम घेते आणि कार्तिकातल्या द्वादशीला तो सोडते. आजवर वांगं सोडलं, दही सोडलं, जेवताना बोलणं सोडलं. एका चातुर्मासात गादी सोडून चटईवर झोपले आणि कंबर धरली, तेव्हा ह्यांनी "देवाला सांग, पुढच्या वर्षी स्प्रे घेऊन ये," म्हणून महिनाभर चिडवलं. यंदा मनात आलं, खाण्यापिण्याचं पुष्कळ झालं, एखादा शब्द सोडून बघावा. म्हणून मी ‘नाही’ सोडलं. कुणी काही मागितलं तर द्वादशीपर्यंत नाही म्हणायचं नाही.

नियमाचा गवगवा करू नये म्हणतात. मी घरातही बोलले नव्हते. फुटलं ते हेमापाशी.

हडपसरला आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये दर बुधवारी आम्ही काही जणी लेस करायला जमतो. कुणी क्रोशाची सुई घेऊन येतं, कुणी माझ्यासारखं टॅटिंग करतं. बोटाएवढ्या, होडीच्या आकाराच्या शटलमध्ये दोरा भरायचा आणि गाठीला गाठ लावत नाजूक रिंगा करत जायचं, ते टॅटिंग. हेमा आमच्या मंडळाची अध्यक्ष. तिला कुणी निवडलेलं नाही, पण तसं तिला सांगणार कोण?

"काय गं शर्मिला, यंदा काय सोडलंस? वांगं की बटाटा?" तिनं विचारलं.

"असंच काहीतरी."

"असंच काय? सांग की. मी मागतेय, सांग."

मागतेय म्हटल्यावर माझी पंचाईत झाली. मी सांगितलं. हेमाच्या हातातली सुई थांबली. तिनं चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी मंडईत एखादी बाई स्वस्त लागलेल्या भाजीकडे पाहते.

"म्हणजे कशालाच नाही म्हणणार नाहीस?"

"प्रयत्न आहे."

"प्रयत्न कसला, नियम आहे ना? बरं झालं. संमेलनाचं सगळं तूच बघ मग."

संमेलन मुळात मीच सुचवलं होतं. पुण्यातल्या लेस करणाऱ्या सगळ्या बायकांनी एक दिवस एकत्र यावं, एकमेकींचं काम पाहावं, असं मी बैठकीत म्हटलं होतं. बोलले नाही ते एवढंच, की मला जरीनाआपांना बोलवायचं होतं. त्या कॅम्पात राहायच्या. मुलींच्या एका शाळेत त्यांनी वर्षानुवर्षं शिवणकाम शिकवलं आणि टॅटिंगचा कोपरा वळवावा तर त्यांनीच, असं ज्या त्या बाईकडून ऐकलं होतं. मी देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णासाठी आसन करायला घेतलं होतं. पांढऱ्या मलमलीचा चौकोन आणि भोवती लेस. चारही बाजू सरळ झाल्या, पण कोपरे काही होईनात. कोपऱ्यावर लेस गोळा व्हायची, कापड उचललं जायचं. टॅटिंगची मिटलेली रिंग सहसा उसवत नाही, कापावीच लागते. कापून कापून मी थकले आणि चारही कोपरे टाचण्या लावून उघडे ठेवले. द्वादशीला ते आसन देवाखाली घालीन असं नियम घेताना बोलून बसले होते. आणि जरीनाआपा दिवाळी झाली की मुलाकडे मस्कतला कायमच्या राहायला जाणार होत्या. एकदा त्यांच्याशेजारी बसले की सुटेल, एवढा एकच विचार माझ्या डोक्यात होता.

हेमानं मांजरी रस्त्यावरचं एक मंगल कार्यालय ठरवलं. तुळशीचं लग्न लागेपर्यंत माणसांची लग्नं लागत नाहीत, त्यामुळे कार्यालय रिकामं होतं आणि मालक नरम. तारीख दशमीची मिळाली.

मग एकेक मागणी येऊ लागली. शर्मिलाताई, आमच्या आजींना आणायला रिक्षा बघाल का? शर्मिलाताई, बॅजना रिबन तुम्हीच लावाल का, तुमचा हात सुबक आहे. शर्मिला, जेवणाच्या आचाऱ्याशी तू बोल, माझ्याशी तो तुटक वागतो. नियमाची बातमी बुधवारच्या बायकांतून केव्हाच सगळीकडे गेली होती. कुणी वाईट मनानं मागत नव्हतं. मागितलं की मिळतं म्हटल्यावर माणूस मागतं. संध्याकाळी देवापुढे स्तोत्र म्हणायला बसले की मांडीशी ठेवलेला फोन थरथरायचा आणि माझ्या ओळी पुढेमागे व्हायच्या. आसन डब्यात तसंच.

एकदा रिबनी कापत होते, तेव्हा सून, पूर्वा, ऑफिसातून आली. तिला ह्यांच्याकडून कळलं होतं. ह्यांना कुठून कळलं, देव जाणे.

"आई, खरंच असा नियम घेतलाय तुम्ही?"

"हो."

"पण मग यंदा वेगळं काय केलंत?" तिनं पर्स खाली ठेवली. "सॉरी, म्हणजे रागवू नका. वांगं सोडायचं तर आधी वांगं खाल्लेलं पाहिजे ना? मी लग्न होऊन आल्यापासून तुम्ही कुणाला नाही म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही."

मी हसले. कात्री मात्र रिबनीवर तिरकी गेली. मग ती म्हणाली, "बरं, उद्या माझा लेट कॉल आहे, कुकर तुम्ही लावाल ना?"

दशमीला सकाळी मी आसन पिशवीत घालून कार्यालयात गेले. अकरा वाजता ‘वधूपक्ष’ अशी पाटी लावलेल्या खोलीत जरीनाआपांचा वर्ग होता. जागा मोजक्या होत्या आणि पहिली जागा मी माझ्या नावानं धरून ठेवली होती.

"तू दारातल्या टेबलावर बस," हेमा म्हणाली. "बॅज द्यायचे, गुलाबपाणी शिंपडायचं, आणि चपलांकडे लक्ष."

"हेमा, अकराला माझा..."

"अकराला बघू की. आत्ता बसशील ना?"

बसले. बायका येत होत्या. कुणाच्या पिशवीतून टेबलक्लॉथ निघत होते, कुणाच्या डब्यातून बाळाची झबली. आत टेबलं मांडून झाली, कौतुकाचे आवाज सुरू झाले. सगळ्यांच्या हातातली लेस मला फक्त पिशवीच्या तोंडातून दिसली.

जरीनाआपा आल्या, तेव्हा मी उभी राहिले. ठेंगण्या, ताठ, डोक्यावरून ओढणी घेतलेल्या. बॅज लावताना माझी बोटं पाहून म्हणाल्या, "टॅटिंग करता वाटतं. करंगळीवर दोऱ्याचा वळ आहे. आत भेटू या."

"हो आपा, येते."

अकराला पाच मिनिटं होती, तेव्हा एक बाई धापा टाकत आली. "अहो, मी खडकवासल्याहून आलेय दोन बस बदलून. आत म्हणतात जागा नाही. तुमची एक आहे म्हणे?" तिनं हात जोडले. "मला द्याल का?"

माझ्या ओठांवर शब्द आला होता. मी तो गिळला. "घ्या," म्हटलं.

वधूपक्षाचं दार लागलं. मी टेबलाशी बसून राहिले. आतून जरीनाआपांचा आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. मधेच बायका हसायच्या. माझ्यापुढे गुलाबदाणी, बॅजचा ढीग आणि दुतर्फा चपला. मी मनातल्या मनात नामस्मरण करू पाहिलं, पण ते दर वेळी त्या बंद दारापाशी जाऊन थांबायचं. रडू आलं, ते पदरानं टिपलं, कारण तेवढ्यात एका आजींना त्यांची चप्पल हवी होती.

वर्ग सुटला. आता सत्कार, जेवण, आणि मग जरीनाआपांना न्यायला त्यांचा भाचा येणार होता. तेवढ्यात हेमा माझ्याकडे जवळजवळ धावत आली.

"शर्मिला, घोळ झाला. पाहुण्यांना द्यायची शाल घरीच राहिली. नुसता नारळ कसा द्यायचा? तुझ्या पिशवीत ते लेसचं कापड आहे ना? ते दे."

"ते बाळकृष्णाचं आसन आहे गं. परवा द्वादशीला..."

"देवाला दुसरं कर. देव काय मस्कतला चाललाय का?"

"आणि ते अजून अपुरं आहे."

"घडी करून देऊ, कोण बघतंय? देतेस ना?"

हे शेवटचं तिनं अगदी हळू विचारलं. उत्तर तिला ठाऊक होतं. मी पिशवीत हात घातला. टाचण्या काढायचंही सुचलं नाही.

व्यासपीठावर नवरानवरीचा लाल मखमली सोफा होता. त्यावर जरीनाआपांना बसवलं होतं. हेमानं माइकवर दोन शब्द म्हणून वीसेक वाक्यं बोलून घेतली आणि नारळ व आसन त्यांच्या हाती दिलं. मी दाराशी उभी राहून पाहत होते.

जरीनाआपांनी घडी उलगडली. शिक्षिकेला घडी तशीच ठेवणं कुठलं जमायला? एक टाचणी त्यांच्या बोटाला लागली. त्यांनी बोट चोखलं, कापड उजेडात धरलं, चारही कोपरे एकेक करून पाहिले. हेमा टाळ्यांची वाट बघत होती.

"हे कुणी केलं?" त्यांनी माइकशिवाय विचारलं.

"मंडळातर्फे आहे, आपा," हेमा म्हणाली.

"मंडळाला हात नसतात. कुणी केलं?"

कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं.

"या इकडे," आपा म्हणाल्या. "बाजू सुरेख आहेत तुमच्या. पण मी आजवर अपुरं काम कुणाचं शाळेतल्या नमुन्यांच्या वहीलासुद्धा लावून घेतलं नाही. हे मला पुरं करून द्या. द्याल?"

मागणं होतं. मी व्यासपीठाकडे चालू लागले.

"अगं पण बॅज परत कोण घेणार?" हेमा मागून म्हणाली. "शर्मिला, टेबलावर बस ना!"

आपांनीच वळून पाहिलं. "बाई, त्यांच्याकडे मी आधी मागितलंय. बॅज तुम्ही घ्या. एवढं करा माझ्यासाठी."

सभागृहात कुणीतरी फिसकन हसलं. हेमा खाली उतरून बॅजच्या टेबलाकडे गेली.

मी त्या लाल सोफ्यावर आपांच्या शेजारी बसले, आमच्या लेकाच्या लग्नात विहीणबाई बसल्या होत्या तशी अवघडून. त्यांनी पहिला कोपरा माझ्या गुडघ्यावर पसरला. "तुम्ही इथंही बाजूइतक्याच गाठी घालता. म्हणून ओढ बसते. इथं रिंग बाहेर तोंड करून घ्या. मोठी. तिचे लूप दोन्ही बाजूंना जोडा. साखळीला दोन गाठी जास्त. हं. आता ओढू नका. ओढू नका म्हटलं ना!" त्यांनी माझ्या मनगटावर हलकी चापट मारली. "शाळेत असतात तर पट्टी बसली असती."

पहिला कोपरा बसला. कापड गुडघ्यावर सपाट पडलं, जणू कधी उचललंच गेलं नव्हतं. मला एकदम मोठ्यानं काहीतरी म्हणावंसं वाटलं, पण मी नुसता हात फिरवला.

"उरलेले तुमचे तुम्ही करा. मी बघते."

खाली पंगत बसली, उठली. आपांनी ताट वरच मागवलं, मी दशमीपासूनच उपास धरते म्हणून मला केळी आणून ठेवली. भाचा येऊन थांबला, तर त्याला श्रीखंड खायला धाडलं. दुसऱ्या कोपऱ्याला मी एकदा चुकले, तिसऱ्याला नाही. चौथा करताना बोटं इतकी हळू केली, की आपा म्हणाल्या, "संपू नये असं वाटतंय का?"

वाटत होतं. शेवटचा दोरा कापला की ते त्यांचं होणार होतं. कुणासाठी केलंय हे त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी ते त्या क्षणी परत केलं असतं, हेही मला दिसत होतं. पण दिलेलं मागायचं कोणत्या तोंडानं? मी दोरा कापला.

त्यांनी आसन डोळ्यांजवळ नेलं, मग नीट घडी करून ओढणीखाली छातीशी धरलं. "मस्कतला भिंतीवर लावीन," म्हणाल्या. "सुनेला सांगेन, पुण्याचं आहे."

मी टेबल आवरलं, चपला लावल्या, घरी आले. एकादशीचा उपास केला.

द्वादशीला सकाळी नैवेद्य झाला. नियम सोडायची आमच्या घरची रीत अशी, की जे सोडलं होतं ते आधी देवापुढे ठेवायचं, मग आपल्या तोंडात घालायचं. वांगं सोडलं त्या वर्षी आधी भरताची वाटी देवापुढे ठेवली होती. शब्द कसा ठेवतात, ते मला कुणी शिकवलं नव्हतं. बाळकृष्ण जुन्याच, कडा विरलेल्या आसनावर उभा होता. मी त्याला नव्याचं कबूल केलं होतं. बराच वेळ हात जोडून बसले.

"यंदा आसन नाही," मी म्हटलं.

आवाज इतका बारीक निघाला की मलाच जेमतेम ऐकू आला. समईची वात हलली नाही. देवाच्या चेहऱ्यात काही बदल झाला नाही. मी नमस्कार केला आणि उठले, तर फोन वाजला.

"शर्मिला, काय गं, सुटला का नियम?" हेमा होती.

"आत्ताच सुटला."

"झालं म्हणजे. आता तुला विचारायची पंचाईत!" ती हसली. "अगं, त्या कोपऱ्याची सगळ्या बायकांनी मागणी केलीय. आपा तर चालल्या. शनिवारी क्लबहाऊसमध्ये तू शिकव. टेबलं लावायला जरा लवकर ये, चहाचंही तूच बघ. मी ग्रुपवर टाकलंय."

मी देव्हाऱ्याकडे पाहिलं. शब्द देवापुढे ठेवून झाला होता.

"नाही, हेमा," मी म्हटलं.

"काय? आवाज तुटतोय."

"नाही म्हटलं. शनिवारी मी नवं आसन करायला घेणार आहे."

तोंडात कसलीशी अनोळखी चव आली होती. मी पाटावर बसले.

"बरं," हेमा म्हणाली, "मग रविवारी?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.