उलटे आटे

कट्‌कन आवाज झाला. बोल्टाची मान तुटली आणि पंपमिस्त्री पान्याकडे बघतच राहिले.

"अहो, उलटे आटे ना याचे!" बायको म्हणाली. लग्नापासून ती दुकानात त्यांच्या हाती पाने देत आली होती. "डावीकडे घट्ट, उजवीकडे सैल. तुम्हीच शिकवलंत मला."

असला पंप त्यांनी हजारदा खोलला असेल. पण आज हात डावीकडेच गेला होता.

असं विसरणं वाढलं, तेव्हा बायको त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, रोजची दारू किती वर्षं?"

"असतील वीसेक."

"तेहतीस," बायको म्हणाली. "मोजायला मी शुद्धीवर होते."

डॉक्टरीणबाई हसल्या, मग हळूच म्हणाल्या, "श्वासातल्या हवेवर शरीर चालतं, तेव्हा आत ठिणग्या उडतात. शरीर त्या विझवतं. दारू पचवताना त्या फार उडतात, आणि विझवायचं सामानही दारूच संपवते. मग मेंदू झिजत जातो. विसरण्याची कारणं आणखीही असतात, पण तुमच्यात हे मोठं दिसतंय."

"म्हणजे गंज."

"जवळपास तसंच."

मिस्त्री थक्क झाले. जन्मभर लोकांच्या पंपांचा गंज खरवडला, आणि तोच आपल्या कवटीत, आवाज न करता! जी हवा जगवते तीच खाते. कुणी रचलं असेल हे?

"खरवडून निघेल?"

"खाल्लेलं लोखंड परत येतं का, काका?"

"नाही."

"पण उरलेलं जपता येतं. दारू सोडायची, मात्र एकदम नाही. आमच्या देखरेखीखाली, औषधं घेऊन."

मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं. "हिला विसरेन का मी?"

डॉक्टरीणबाई नाही म्हणाल्या नाहीत. "आता थांबलात तर तो दिवस लांबेल. कदाचित येणारही नाही."

"विसरा खुशाल," बायको पदर सावरत म्हणाली. "मी रोज नव्यानं ओळख करून देईन. पण पाना मीच देणार."

चार महिने झाले. दारूचा थेंब नाही. तसलाच एक पंप समोर आला. मिस्त्रींनी न बघता हात पुढे केला. "तो दे... तो..." नाव येईना. बायकोनं एकोणीस नंबरचा पाना तळहातावर ठेवला.

क्षणभर थांबून त्यांनी उजवीकडे फिरवला. नट अलगद सुटला. बाहेरून सगळा पंप तांबूस झालेला, पण नटाखालचे आटे ग्रीसमध्ये लखलखत होते.

"बघ गं," ते कुजबुजले, "इथे हवा पोचलीच नाही."

मग बोटावर ग्रीस घेऊन, एकेका आट्यावरून ते सावकाश फिरवू लागले.