बिस्किटाच्या आधीचा आवाज

बिस्किटांच्या कारखान्यात दाढोबाला एकच काम होतं, चावायचं. बाकीचे लोक कामाच्या ठिकाणी फुकटात दातओठ खातात. दाढोबाला त्याचा पगार मिळायचा.

चाचणीची खोली जेमतेम कपाटाएवढी. आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींना गाद्या ठोकलेल्या. आत एक खुर्ची, थेट गालाला टेकणारा माईक आणि समोर एक तबकडी. दाढोबाने बिस्किट चावलं की तबकडीवरचा काटा उडायचा. हिरव्या पट्ट्यात गेला की हिरवा दिवा लागायचा, घाणा पास व्हायचा आणि दाराची कडी आपोआप सुटायची. नाही गेला, तर कडी तशीच. भिंतीतल्या छोट्या खिडकीतून पुढच्या घाण्याचं बिस्किट आत सरकायचं. चाचणी चालू असताना कोणी दार उघडलं तर बाहेरच्या गोंगाटावरच मऊ बिस्किटं पास होतील, म्हणून भट्टीसाहेबांनी ही युक्ती काढली होती. ते भट्ट्यांचे मुख्य. भट्टीची आंचही ते काट्याकडे बघूनच ठरवायचे. काटा फार उडाला तर आंच कमी, पडला तर आंच जास्त. स्वतः बिस्किटाचा तुकडाही तोंडात टाकायचे नाहीत. त्यांना साखर वर्ज्य होती.

गेली दोन वर्षं काटा झकास उडत होता. आंच उतरत होती. भट्टीसाहेब खूश होते.

दाढोबा मात्र खूश नव्हता. सकाळी उठला की कानापुढे ठणकायचं, गाल दगडासारखे, आणि तोंड उघडताना कानाजवळ ‘खट्ट’ वाजायचं. जांभई दिली तरी खट्ट.

“अहो, दार लावून घ्या,” बायको झोपेत म्हणायची.

“दार नाही गं, मी आहे.”

“मग तुम्ही लावून घ्या.”

पण एका सकाळी तोंड अर्ध्यावरच अडलं. टूथब्रश आत जाईना. दाढोबाने जबडा इकडे तिकडे हलवला, तेव्हा कुठे खट्ट होऊन सुटला. बायकोचं हसू पळालं. तिने त्याला हाताला धरून दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी त्याच्या गालांचे स्नायू चाचपले, कानापुढे बोट ठेवून तोंड उघडमीट करायला लावलं. “सांध्यातली चकती जागची सरकते आणि परत बसते, त्याचा हा आवाज. नुसता आवाज असता तर मी काहीच केलं नसतं. पण तुमचं दुखतंय आणि अडकतंय. वरचे-खालचे दात एकमेकांवर किती वेळ टेकलेले असतात?”

“ऑफिस सुटेपर्यंत.”

“काम काय करता?”

“बिस्किटं चावतो.”

“सोडा.”

“बिस्किटं?”

“चावणं.”

“बाई, मग मी नुसता आत बसून करू काय?”

“रजेवर जा,” त्या शांतपणे म्हणाल्या. त्यांनी मापाची एक पारदर्शक पट्टी करून दिली, रात्री दातांवर चढवायची, म्हणजे झोपेत दात आवळले तरी भार सांध्यावर कमी पडतो. दिवसा ती डबीत घालून जवळच ठेवायची. शिवाय गालांना शेक, जीभ टाळूला लावून हळूहळू तोंड उघडायचा व्यायाम, ओठ मिटलेले पण दात सुटे. दाढोबाने ऑपरेशनचं विचारलं तर त्यांनी डोळे मोठे केले. “एवढ्यात? बहुतेक लोक असेच बरे होतात. तो रस्ता फार लांबचा. आणि खायला मऊ. सूप, उकडलेला बटाटा...” मग त्यांनी टेबलाच्या खणातून एक पुडा काढला. “हीसुद्धा चालतील. माझे सगळे जबड्याचे पेशंट हीच खातात. चावावीच लागत नाहीत.”

पुडा दाढोबाच्या कारखान्याचा होता.

त्याने एक तोंडात ठेवलं. ते जिभेवर बसलं, थोडा विचार केला आणि विरघळलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच तो स्वतःच्या कामाची चव घेत होता. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. माईक गालाला टेकलेला. गालाच्या मागेच सांधा. काटा बिस्किटाने उडत नव्हताच. तोंड उघडताना जो खट्ट व्हायचा, त्यावर उडत होता. भट्टीसाहेबांनी दोन वर्षं अख्ख्या कारखान्याची बिस्किटं दाढोबाच्या सांध्यावर भाजली होती.

रजा संपेपर्यंत दुखणं ओसरलं. बाईंनी तपासलं. तोंडात तीन बोटं उभी मावली. “आवाज गेला आणि तोंडही पूर्ण उघडतंय, हे चांगलं. आवाज जाऊन तोंड उघडेनासं झालं असतं, तर काळजी होती. पण जोरात काही करू नका. पुन्हा जबडा अडकला तर प्रत्येक वेळी सुटेलच असं नाही.”

दाढोबा कामावर आला. दार बंद झालं, कडी बसली. त्याने बिस्किट चावलं. काटा झोपेतून उठल्यासारखा जरा हलला आणि परत पडला.

“काय रे दाढोबा,” भिंतीतल्या स्पीकरवरून भट्टीसाहेब ओरडले, “रजेत दात विसरून आलास का?”

“चावतोय साहेब.”

“मग ऐकू का येत नाही? तुझ्या जागी बसवलेल्या माणसाचाही काटा हलला नाही. किडकिडीत होता म्हणून बिस्किटाच्या खिडकीतून तरी निसटला. म्हटलं, नवखा आहे. तू आलास की होईल ठीक.”

दाढोबाने दुसरं चावलं. तिसरं चावलं. काटा मख्ख. भिंतीच्या गाद्यांना उबट वास येऊ लागला. दाढोबाने दार ढकलून बघितलं. ढिम्म.

“साहेब, जरा दार उघडता का?”

“मला कुठे उघडता येतं? काटा उघडतो. थांब, आंच वाढवतो.”

आंच वाढली. खिडकीतून आलेलं बिस्किट तपकिरी होतं आणि ट्रेवर पडताना ठक्क वाजलं. दाढोबाने ते हातात घेतलं. नखाने ओरखडा काढला. ओरखडा नखावर उठला.

तो खुर्चीत बसून राहिला. खरं सांगितलं, तर साहेब बिस्किटं कडक करणार, आणि रोज तीच चावायची. गप्प बसलं, तरी कडक करणार. जबडा हिसडून जुना खट्ट काढला, तर दिवा लागेल, पण कदाचित तोंड कायमचं बंद होईल. आणि काहीच केलं नाही, तर या कपाटातच निवृत्ती.

“दाढोबा, दोन वर्षं आवाज काढलास ना? काढ की!”

त्याने जबडा बाजूला सरकवून बघितला. कानापुढे एक बारीक कळ आली. तो घाबरून थांबला, ओठ मिटले, दात सुटे ठेवले आणि घाम पुसायला खिशातून रुमाल ओढला. रुमालाबरोबर दातांच्या पट्टीची प्लास्टिकची डबी बाहेर आली आणि माईकसमोर तिचं झाकण उघडलं.

खट्ट.

काटा टोकाला जाऊन आदळला. हिरवा दिवा. कडी सुटली.

“हां! हा आमचा दाढोबा!” भट्टीसाहेबांचा आवाज भरून आला. “पण फारच उडाला रे. आंच उतरवतो.”

दाढोबा बाहेर आला. कडक बिस्किट त्याने खिशात दडवलं आणि घरी नेलं. बायकोने त्यावर अक्रोड फोडून बघितला. फुटला.

तेव्हापासून तो रोज आत जातो, कडी बसते, मऊ बिस्किट जिभेवर ठेवतो आणि डबी उघडतो. जबडा उत्तम आहे. डबीचं मात्र बरं नाही. तिची बिजागरी हल्ली अर्ध्यावरच अडकते, आणि तेवढा वेळ दाढोबा बंद दाराकडे बघत तिला हळूहळू उघडमीट करत बसतो. घरी तो तिला शेकही देतो.

परवा त्याने डॉक्टरीणबाईंकडे नवी डबी मागितली.

“इतक्यात झिजली?” बाईंनी ती उलटसुलट करून पाहिली. “दिवसातून किती वेळा उघडता?”

“ऑफिस सुटेपर्यंत.”

बाईंनी जरा विचार केला. “तिलासुद्धा रजा द्या,” त्या म्हणाल्या.

“ती रजेवर गेली,” दाढोबा म्हणाला, “तर मला बाहेर कोण काढणार?”