चिठ्ठ्या काढलेली रोपं

रविवारी सकाळी सव्वानऊला सुप्रियाने गच्चीचं दार उघडलं. रोपांची मांडणी रिकामी होती.

लोखंडी खण जागेवर होते, वर ताणलेला प्लास्टिकचा कागद जागेवर होता. ट्रे तेवढे नव्हते. आदल्या दुपारी ती सारोळ्याला माहेरी हळदीकुंकवाला गेली, रात्री तिथंच राहिली आणि सकाळी कापूरहोळला गाडी बदलून भोरला परतली. तेवढ्यात हे झालं होतं.

खाली सासूबाई पोह्यांसाठी कांदा चिरत होत्या. अकरा वाजता नणंदेला, सृष्टीला, बघायला वाईचे पाहुणे यायचे होते.

"आई, माझी रोपं कुठं आहेत?"

"आधी चहा घे."

"रोपं कुठं आहेत?"

"डोंगरावरच्या गेनबाच्या टेम्पोतून पाठवली. काल लेंडीखत टाकायला आला होता, परत रिकामाच चालला होता." सगुणाबाईंनी मान वर केली नाही. "मागच्या स्थळाची आत्या गच्चीवर गेली अन् खाली आली ती तोंड पाडूनच. घरात एवढे काटे कशाला, म्हणाली. तीन स्थळं गेली. चौथ्याला मी काटे ठेवणार नव्हते."

"मग दोन दिवस शेजारी ठेवायची."

"त्यांचाही मुलगा लग्नाचा आहे."

सुप्रिया ओट्याजवळ गेली. सहा वर्षांपूर्वी तिने पहिलं बी पेरलं तेव्हा याच ओट्यावर जुन्या कुकरमध्ये वाळू आणि विटांचा चुरा वाफवून घेतला होता, बुरशी मरावी म्हणून. माझी सून वाळू शिजवते, असं सगुणाबाई गल्लीभर सांगत होत्या. खसखशीपेक्षा बारीक ते बी, बोलिव्हियाच्या डोंगरातल्या निवडुंगांचं. श्रीखंडाच्या डब्यात पेरून झाकण लावलं की कित्येक महिने डबा उघडायचा नाही. उगवतं ते मोहरीएवढं. सहा वर्षांत ते लिंबाएवढं होतं. लोबिव्हिया नावाच्या या निवडुंगांच्या अनेक जाती तिच्याकडे होत्या आणि या माघात पहिल्यांदाच तीन रोपांना कळी आली होती. तिन्ही एकाच पेरणीतली. त्यांतली दोन एका वेळी फुलली, तर कुंचल्याने एकाचा पराग दुसऱ्यावर लावून तिला घरचं बी धरायचं होतं. एकट्या फुलाला बी धरत नाही. सहा वर्षं ती या फेब्रुवारीची वाट बघत होती.

तिचा नवरा विराज बाहेरून पेढे घेऊन आला. त्याने तिचा चेहरा पाहिला आणि न विचारता कपाटातून एक जुडगा काढून तिच्या हातात दिला. पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या, रबर लावून नीट बांधलेल्या. प्रत्येक पट्टीवर तिच्या अक्षरात जातीचं नाव आणि पेरल्याचं वर्ष.

"हे काय?"

"चिठ्ठ्या. टेम्पोत उडून गेल्या असत्या. हरवायला नकोत म्हणून मी स्वतः काढल्या. एकूण एक आहेत, बघ."

"सगळ्या कुंड्यांतल्या?"

"सगळ्या."

तो मोजणी खात्यात जमिनी मोजणारा भूकरमापक होता. सुप्रियाने जुडगा पेढ्यांच्या खोक्यावर ठेवला.

"शेताच्या हद्दीचे दगड कोणी असे उपटून, मोळी बांधून तुमच्या टेबलावर आणून ठेवले तर काय करता तुम्ही त्याचं?"

"दगडाचं वेगळं असतं."

"काय वेगळं असतं?"

विराजने जुडग्याचं रबर नीट केलं. तिने स्कूटरची किल्ली घेतली.

"पाहुणे आल्यावर घरची सून कुठं म्हणून सांगू?" सगुणाबाई म्हणाल्या.

"काटे गोळा करायला गेलीय म्हणा."

जिन्यात सृष्टी उभी होती, केस धुतलेले, खांद्यावर पंचा. "वहिनी, काट्यांनी काही मोडलेलं नाही गं," ती हळू आवाजात म्हणाली. "तिन्ही वेळा मीच मुलांना फोन करून नको म्हटलं. त्यांनी तो नकार स्वतःचा म्हणून कळवला, एवढंच."

"हे आईंना ठाऊक आहे?"

"नाही."

"काल ट्रे उचलताना तू घरात होतीस?"

सृष्टी पंच्याने केस पुसू लागली.

"तोंड उघडायचं होतंस तेव्हा."

"तेव्हा उघडलं असतं तर हे पाहुणेही गेले असते. अन् हा मुलगा मला बरा वाटतोय."

सुप्रिया जिना उतरली.

गेनबाची वस्ती वेल्ह्याच्या अंगाला, डोंगरावर. शेवटचा चढ स्कूटरला जमेना, तो तिने चालत काढला. गेनबा गुरांमागे गेला होता. त्याची बायको बनाबाई अंगणात धुतलेल्या रिकाम्या कुंड्या एकीत एक घालून रचत होती.

"या ताई. लई दिसांनी."

"बनाबाई, रोपं?"

"लावली की समदी, सांजच्यालाच. तुमच्या सायबांनी सांगितल्यालं, कुंपनाला लावा."

शेरडांच्या वाड्याच्या दगडी गडग्याला लागून लोबिव्हिया ओळीने बसल्या होत्या. भोवती माती थापून घट्ट केलेली. माती ओली होती.

"पाणी घातलंत?"

"व्हय तर. पार सुकल्याली व्हती. दोन-दोन तांबे घातले एकेकीला."

थंडीभर कोरडी ठेवलेली रोपं. तुटलेल्या मुळांवर दोन तांबे. अशाने रोप बुडापासून कुजतं.

"कुठल्या कुंडीतलं कुठं लावलं, आठवतंय?"

"आता त्ये कसं आटवंल? समदी सारखीच की वो." बनाबाईचा चेहरा बदलला. "नेनार व्हय तुमी? आमाला वाटलं, दिली. रातीपत्तुर खपलो आमी दोघं."

"दिली नव्हती, बनाबाई. मला विचारलंच नव्हतं."

"आस्सं," बनाबाई म्हणाली. तिने घरातून उलथनं आणून दिलं आणि कुंड्यांचा ढीग पुन्हा मोकळा करायला बसली.

दुपारी विराजचा फोन आला तेव्हा अर्धी ओळ निघाली होती.

"पाहुणे गेले. कळवतो म्हणाले. आईला वाटतंय, जमेल. तुझी चौकशी करत होते."

"काय सांगितलंत?"

"बरं नाही म्हटलं."

"कोणाला?"

"तुला. रोपं मिळाली ना सगळी?"

तिने फोन बंद केला आणि उलथनं पुन्हा मातीत घातलं.

गेनबाने संध्याकाळी ट्रे टेम्पोतून आणून दिले. सुप्रियाने ते गच्चीवर नेले नाहीत. बैठकीच्या खोलीत, दारातून आत येणाऱ्याला पहिल्यांदा दिसतील असे, खिडकीखालच्या मोठ्या टेबलावर मांडले. सगुणाबाई तेव्हापासून मागच्या दाराने ये-जा करतात. सृष्टीने आईला अजून काही सांगितलेलं नाही.

मंगळवारी सकाळी तीनपैकी एक कळी गळून टेबलावर पडली होती. ते रोप बुडाशी मऊ लागत होतं. उरलेल्या दोन कळ्या झाडावर होत्या, मिटलेल्या. वाईहून निरोप आलेला नव्हता.